निर्धार एकट्याचा नसतो

पुरुषाच्या व्यसनाविषयी एक मत आपल्याकडे इतके मुरले आहे की ते केवळ एक मत आहे, याचाही विसर पडला आहे. ते असे: दारू सुटत नाही, कारण पिणाऱ्याला सोडायचीच नसते. खरा गडी मनावर घेतो आणि एका दिवसात सोडतो. ज्याला जमत नाही तो कच्चा. आणि जो त्यासाठी चार लोकांत बसून डोळे पुसतो, परक्या माणसाला घरची दुखणी सांगतो, तो तर गडीच नव्हे. पुणे जिल्ह्यातल्या पाटस, कुरकुंभ, भिगवण या पट्ट्यात कोणत्याही चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात किंवा दहाव्याच्या घाटावर हे मत ऐकू येईल. ते अडाण्यांचेच आहे असेही नाही. शिकलेले, पगारदार, ज्यांचा शब्द घरात झेलला जातो असे लोकही हेच बोलतात, आणि चांगल्या हेतूने बोलतात. म्हणूनच ते खोडून काढणे गरजेचे आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. तो म्हणेल: आमच्याकडे अमक्याने वीस वर्षांची दारू एका सकाळी सोडली. फिरंगाई देवीपुढे नारळ फोडला, शपथ घेतली, पुन्हा थेंबाला शिवला नाही. तमक्याने माळ घातली आणि सुटला. त्यांना कोणता डॉक्टर लागला? पुढे तो म्हणेल, व्यसनाला आजार म्हटले की पिणाऱ्याला आयती पळवाट मिळते. बायकोवर हात टाकायचा आणि म्हणायचे, मी आजारी आहे. आणि शेवटी म्हणेल, आमच्या वाडवडिलांनी बहात्तरचा दुष्काळ सोसला, उजनीच्या पाण्याखाली घरे जाताना पाहिली, आणि तोंडातून ब्र न काढता संसार केले. भावना बोलून दाखवण्याचे हे खूळ शहरातून आले आहे.

यातले एकही म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पहिल्यात तर तथ्य आहे. कोणत्याही केंद्राची पायरी न चढता व्यसनातून बाहेर पडलेली माणसे जगभर आहेत आणि संशोधकांनाही ते मान्य आहे. ती सुटतात का, हा वादाचा विषयच नाही. ती कशाच्या बळावर सुटतात, हा आहे.

पण त्याआधी देहाची साक्ष काढू, कारण ती सर्वांत निर्णायक आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याचा मेंदू दारूशी जुळवून घेतो. दारू मेंदूला मंदावते, म्हणून मेंदू आपली उत्तेजक यंत्रणा कायम चढी ठेवतो. दारू एकाएकी थांबली की मंदावणारे काही उरत नाही आणि ती चढी यंत्रणा मोकाट सुटते. काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांचे आवाज येतात, दिवसरात्रीचे भान जाते. वैद्यकशास्त्र याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणते, आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. घरचे मात्र ‘बाहेरचे लागले’ म्हणून लिंबू उतरवत बसतात, नाहीतर हाल बघवत नाहीत म्हणून पुन्हा क्वार्टर आणून देतात. डॉक्टर अशा वेळी शामक औषध देतो, ते काही दिवसांत टप्प्याटप्प्याने उतरवतो आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतो, कारण त्या जीवनसत्त्वाच्या अभावी स्मृतीवर कायमचा आघात होऊ शकतो. सगळ्याच पिणाऱ्यांना असे होत नाही हे खरे. पण कोणाला होईल, हे पारावर बसून सांगता येत नाही. मग अशा माणसाला ‘गडी असशील तर आजपासून बंद कर’ असे सांगणे ही त्याच्या मर्दानगीची परीक्षा झाली की त्याच्या जिवाशी खेळ? फिट निर्धाराने थांबत नाही.

आता शपथ आणि माळ. प्रतिपक्षाचा हा सर्वांत भक्कम पुरावा, आणि माझ्या मते हाच त्याच्या विरुद्ध जातो. तुकोबांची पालखी दरवर्षी यवत, वरवंड करीत पाटसला येते आणि रोटी घाटाने बारामतीकडे वळते. कुरकुंभ तिथून थोडेच पुढे. या टापूत माळ घालून दारू सोडणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायला नको. पण ज्याने माळ घातली त्याच्या आयुष्यात नेमके काय बदलले, हे बारकाईने पाहा. त्याला रोजचा हरिपाठ आला. एकादशी आली. दिंडीत ठरलेली जागा आली. बाटलीचा जो संध्याकाळचा वेळ होता तो भजनाचा झाला. ज्यांच्याबरोबर बसणे होते, त्यांच्या जागी टाळकरी आले. गावातली दहा माणसे त्याच्या गळ्याकडे पाहू लागली, आणि एखाद्या एकादशीला तो दिसला नाही तर त्याच्या दारात येऊन विचारू लागली. शिवाय कीर्तनात भर मंडपात डोळे भरून आले तर त्याला कोणी हसेना. एवढा सगळा आधार पायाखाली असताना तुम्ही म्हणता, त्याने एकट्याच्या निर्धाराने सोडली. तो एकटा होता कुठे?

हीच रचना दुसऱ्या एका मुलखात, वारकरी पंथाचे नावही न ऐकलेल्या दोन माणसांनी उभी केली. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन या शहरी शेअर बाजारात काम करणारा एक दारुडा आणि शल्यचिकित्सक असलेला दुसरा दारुडा भेटले. एकमेकांशी बोलत राहिले तर आपण पीत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस निघाली. तिची परिणामकारकता ही केवळ श्रद्धेची बाब राहिलेली नाही. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला. वर्षभरानंतर पूर्ण कोरडे राहिलेल्यांचे प्रमाण या पद्धतीशी जोडलेल्या रुग्णांत ४२ टक्के, तर इतर नावाजलेल्या उपचारांत ३५ टक्के आढळले. शंभरातले बाकीचे पन्नाससाठ जण कुठे गेले, असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. व्यसन चिवट आहे आणि कोणताही उपाय हमखास नाही. पण ‘मनावर घे’ या उपायाचा असा हिशेब कोणी कधी ठेवला आहे काय? पारावरच्या गप्पांत सुटलेला एकच आठवतो. न सुटलेल्यांची नावे दहाव्याच्या पत्रिकेवर असतात.

वाचलेला प्रतिपक्षी इथे व्हिएतनामचा दाखला देईल. १९७०च्या दशकाच्या आरंभी ली रॉबिन्स या संशोधिकेने व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास केला. तिकडे असताना जवळजवळ पाचातला एक जण हेरॉइन आणि अफूच्या कह्यात गेला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले शेकडा पाचाच्या आसपासच पुन्हा त्यात अडकले, आणि बहुतेकांनी उपचार घेतलेच नव्हते. मग सुटले ना आपोआप? सुटले. पण त्यांचे युद्ध मागे राहिले होते, स्वस्त हेरॉइन मागे राहिले होते, जोडीने ओढणारे सोबती आपापल्या गावी पांगले होते. त्यांचे सगळे जगच बदलले होते. रासायनिक कारखान्यातली पाळी संपवून, महामार्गावरच्या त्याच धाब्यासमोरून, त्याच ठेकेदाराची देणी डोक्यात घेऊन खोलीवर परतणाऱ्या कंत्राटी कामगाराचे कोणते जग बदलते? तो दाखला निर्धाराची महती सांगत नाही. परिसराची सांगतो.

आपल्याकडे हे ज्यांनी ओळखले त्या डॉ. अनिता अवचट. त्यांचे पती अनिल अवचट गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर लिहीत होते, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी ते लेखन वाचून एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. तिथे अनिताताईंनी केलेली सर्वांत धाडसी गोष्ट म्हणजे व्यसनातून सुटलेल्यांनाच कार्यकर्ते केले. कालपर्यंत घरातली भांडी विकणारा माणूस आज नव्याने आलेल्याच्या उशाशी बसतो. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट केला, कारण पुरुषाचे व्यसन घरात एकट्याला होत नाही. दंडुका, साखळदंड, कोंडून ठेवणे यांवाचून हे चालू शकते, हे मुक्तांगणने दाखवून दिले. आज मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई करतो, आणि दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही तो मानसिक आजारात धरतो.

‘पण आजार म्हटले की जबाबदारी संपली.’ हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागे मार खाल्लेल्या बायकांचा अनुभव आहे. त्याला उत्तरही तितकेच सरळ हवे. आजारपणाने दोष हलका होईल, पण कर्तव्य वाढते. मधुमेह झाला हा माणसाचा गुन्हा नाही, पण झाल्यावर पथ्य त्यालाच पाळावे लागते. कायदा याबाबत स्पष्ट आहे: स्वतःहून घेतलेल्या नशेची सबब गुन्ह्याला चालत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतही आपण कोणाकोणाला दुखावले याची यादी करणे आणि शक्य तिथे भरपाई करणे, या स्वतंत्र पायऱ्या आहेत. आता सांगा, पळवाट कोणत्या बाजूला आहे? ‘काल चढली होती, मनावर घेऊ नकोस’ असे सकाळी म्हणणारा पळतो, की चार जणांसमोर ‘मी तिला मारले’ असे स्वतःच्या तोंडाने म्हणणारा?

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक कटू गोष्ट ऐकवली पाहिजे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी घेतली. डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. निम्म्या पुरुषांना नेहमीच्या वैद्यकीय सेवेच्या जोडीला साध्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांशी जास्तीत जास्त चार बैठका बोलायला मिळाले. तीन महिन्यांनी पाहिले तर आदल्या दोन आठवड्यांत अजिबात न प्यायलेले या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के. म्हणजे ज्या बोलण्याला आपण बायकी म्हणतो, त्याच्या चार बैठकांनी एवढा फरक पाडला, आणि तो मोठ्या रुग्णालयात नव्हे, आरोग्य केंद्रात. पण याच अभ्यासात बायकोला होणाऱ्या मारहाणीत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. हे लपवता कामा नये. दारू उतरली म्हणून हात आपोआप खाली येत नाही. हात उगारण्याचा हक्क आपल्याला आहे, ही समजूत दारूच्या आधीपासून असते आणि तिच्यावर वेगळे काम करावे लागते. मुंबईत १९९३ पासून ‘मावा’ ही संस्था तरुण मुलांबरोबर नेमके हेच काम करीत आली आहे. ‘बाटली सुटली, माणूस सुधारला’ हे समीकरण प्रतिपक्षाचे असो वा व्यसनमुक्तीवाल्यांचे, ते चूकच आहे.

वाडवडिलांचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता. ब्र न काढणारा पुरुष ही आपली परंपरा, असे म्हणणाऱ्यांनी आपली परंपरा वाचली आहे काय? मराठीतला महाग्रंथ ज्ञानेश्वरी. त्याचा पहिला अध्याय कशाचा? भर रणांगणात, दोन्ही सैन्यांच्या देखत, अंग थरथरणाऱ्या आणि धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाचा. त्या काळातल्या सर्वश्रेष्ठ धनुर्धराने आपली भीती आणि आपले दुःख मित्राला बोलून दाखवले, आणि पुढचे सतरा अध्याय त्या बोलण्यातून निघाले. अर्जुन मुकाट सोसत उभा राहिला असता तर गीता झाली असती का? नामदेवांचे समाधीचे अभंग घ्या. धाकट्या भावाने, ज्ञानेश्वरांनी, समाधी घेतल्यावर गुरुपदी असलेले निवृत्तिनाथ कसे कोसळले, हे तिथे झाकलेले नाही. तुकोबांनी १६३०च्या दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावला. आपली तळमळ, आपली लाज, आपले दोष त्यांनी शेकडो अभंगांतून लोकांसमोर मांडले. ज्याच्या पालखीपुढे आपण रस्ता झाडतो, तो पुरुष ब्र न काढणारा होता काय?

अलीकडचे उदाहरण साने गुरुजींचे. हळवे म्हणून त्यांची टिंगल करणारे पुष्कळ होते. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून याच हळव्या माणसाने प्राण पणाला लावून उपोषण केले आणि मंदिर उघडले. छाती पुढे काढून चालणाऱ्या किती जणांना ते जमले होते? गुरुजींनी १९५० साली स्वतःचे जीवन संपवले, हे कोणी पुढे करील. करावे. डोळ्यांत पाणी आले म्हणजे माणूस वाचला, असा माझा दावाच नाही. मन हळवे असणे वेगळे आणि वेळेवर मदत मिळणे वेगळे. पहिले गुरुजींपाशी होते. दुसऱ्याची आपल्या समाजात व्यवस्थाच नव्हती.

मुकाट सोसण्याचे फळ काय, याचे आकडे सरकारदरबारी आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत पुरुष १,२२,७२४. राज्यांत महाराष्ट्र पहिला, २२,७४६. यामागे केवळ मौन आहे असे मी म्हणणार नाही. कर्ज, आजार, घरातले तंटे अशी कारणे आहेत. पण मौन हीच ताकद असती, तर ज्यांना आपण जन्मभर मौन शिकवले तेच एवढ्या संख्येने का कोसळतात?

आणि पुरुष बोलत नाहीत, हेच मुळी खोटे आहे. ते बोलतात. दोन पेग पोटात गेल्यावर बोलतात. भावाने बांध कोरला, वय उलटले तरी लग्न जमेना, ठेकेदाराने हजेरीतून नाव काढले, बापाशी शेवटचे बोलणे भांडणाचेच झाले, हे सगळे धाब्याच्या मागच्या खोलीत रात्री अकराला बाहेर पडते. मोठमोठे गडी तिथे गळ्यात पडून रडतात. ते रडणे कोणी बायकी म्हणत नाही. ‘चढली होती’ म्हणून सोडून देतात. समाजाने पुरुषाच्या अश्रूंवर बंदी घातलेली नाही. परवाना लावला आहे, आणि तो बाटलीबरोबर मिळतो. दारूवाचून बोलायला जागा दिली तर बाटलीचे निम्मे गिऱ्हाईक तुटेल, अशी माझी खात्री आहे.

‘दुःखामुळे पितो’ ही सहानुभूतीची भाषाही याच कारणाने तपासली पाहिजे. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि स्त्रिया १.६ टक्के आढळल्या. बाईचे दुःख पुरुषाच्या सतराव्या हिश्श्याइतके असते काय? ज्या दुष्काळात नवरा पितो त्याच दुष्काळात बायको चूल पेटवते. फरक दुःखात नाही, मुभेत आहे. पुरुषाला दुःख सांगण्याची मुभा नाही, पिण्याची आहे. याच पाहणीत आणखी एक आकडा आहे: दारूच्या पूर्ण कह्यात गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळाले होते. बाकीच्या ३७ जणांना आपण ‘मनावर घे’ एवढेच सांगत आलो.

कुरकुंभचे नाव फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर गाजले. पुणे पोलिसांनी तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घालून शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजे एमडी, जप्त केले. कायद्याने या पदार्थाची ५० ग्रॅम ही व्यापारी मात्रा आहे, यावरून त्या साठ्याचा अंदाज करावा. कारवाई योग्यच होती आणि अशा कारवाया झाल्याच पाहिजेत. आडव्या बाटलीसाठी मतदान करून गावातले दुकान बंद पाडणाऱ्या बायकांचाही मी पाठीराखा आहे. पण छाप्याने माल जप्त होतो, मागणी जप्त होत नाही. ऊस आणि रसायने यांच्यामध्ये वसलेल्या या पट्ट्यात, जिथे मळीपासून मद्यार्क होतो आणि पाळ्यांत रात्र-दिवस एक होतात, तिथे मागणीचा विचार कोण करणार?

माझे म्हणणे इथे पूर्ण झाले. निवाडा वाचकांनी करायचा आहे. मला मात्र दोन ठिकाणी विनंती करायची आहे. धोकादायक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांची संयुक्त सुरक्षा समिती नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे. कुरकुंभच्या वसाहतीतल्या या समित्यांनी व्यसन हा विषय आपल्या कामकाजात घ्यावा, आणि स्वतःहून मदत मागणाऱ्या कामगाराची, मग तो कंत्राटी का असेना, नोकरी जाणार नाही असे लेखी जाहीर करावे. हात थरथरत असताना, नोकरीच्या भीतीने गप्प राहून रिअ‍ॅक्टरपाशी उभा राहणारा माणूस सगळ्या पाळीला धोका आहे. दुसरी विनंती ग्रामपंचायतीला: आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेची एक खोली व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या पुरुषांच्या बैठकीसाठी मोकळी ठेवावी. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते; व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्याच्या हजेरीच्या खिडकीवर ठळक अक्षरांत लावावेत.